रजेवरचा माणूस

ठोकळ्याने काठी आधी चालवली आणि काय झालं ते नंतर विचारलं. तोवर जेवणाच्या शेडमधली बाकं उलटली होती, फरशीवर भात सांडला होता आणि त्या भातात खलाशी उताणा पडला होता. एक आडदांड कैदी त्याच्या छातीवर बसून पत्र्याच्या ताटाची कड त्याच्या गळ्यावर दाबत होता. पत्र्याच्या ताटाला धार नसते असं बाहेरच्या माणसाला वाटतं. आतली माणसं ती धार फरशीवर घासून घासून आणतात, त्यांना वेळ भरपूर असतो. काठी आडदांडाच्या कोपरावर बसली, हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, आणि ताट खाली पडलं. ठोकळ्याने त्याला केसांना धरून बाजूला ओढलं, बरगडीत आणखी दोन ठेवून दिल्या, आणि खलाशाकडे न बघताच म्हणाला, "ऊठ. जेव."

खलाशाने गळा चाचपला. हाताला लागलेलं रक्त त्याने विजारीला पुसलं आणि तो खरंच जेवायला बसला.

ठोकळा हे नाव कैद्यांनी ठेवलेलं. माणूस उभा-आडवा सारखाच, आणि चेहऱ्यावरची रेघ म्हणून हलायची नाही. तुरुंगात तो शिपाई म्हणून लागला आणि शिपाईच राहिला. बढतीच्या वेळी वरिष्ठांना त्याचं नाव आठवायचं नाही आणि मारामारीच्या वेळी दुसरं कुणाचं आठवायचं नाही. तो दयाळू वगैरे मुळीच नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. त्याची काठी सगळ्यांवर सारखी पडायची, एवढंच. पण चार भिंतींच्या आत एवढं मिळालं तरी माणसं त्याला न्याय म्हणतात.

खलाशी जगत होता तो त्या काठीच्या जिवावर. कधीकाळी मालवाहू बोटीवर असताना त्याने दारूच्या भरात सुकाणूवाल्याला सुरा मारला होता, त्याची शिक्षा तो गुमान भोगत होता. मग एका हिवाळ्यात त्याच्या बराकीत एका नव्या कैद्याला घोंगडीखाली दाबून मारलं. मारणारी माणसं लंगड्याची. लंगडा म्हणजे त्या बराकीचा राजा. पाय ओढत चालायचा, आवाज कधी चढवायचा नाही, आणि त्याने नुसतं कुणाकडे बघितलं तरी त्या माणसाची जेवणावरची वासना उडायची. चौकशीत सगळी बराक म्हणाली, आम्ही झोपलो होतो. खलाशी एकटा म्हणाला, मी जागा होतो. कोर्टातही त्याने जे पाहिलं ते सांगितलं आणि लंगड्याची सुटका जन्माची लांबली. त्या दिवसापासून खलाशी आज मरतो की उद्या, एवढाच प्रश्न उरला होता. त्याच्या बराकीची पाळी ठोकळ्याकडे होती, म्हणून तो उद्यावर ढकलला जात होता.

शिपायांमध्ये एक नियम होता, कुठे लिहिलेला नाही पण सगळ्यांनी पाळलेला. आपली रजा कधी आहे हे कैद्यासमोर बोलायचं नाही. पूर्वी एक शिपाई बहिणीच्या लग्नाच्या आनंदात बोलून गेला होता. तो तिकडे लग्नात पाहुण्यांना वाढत होता तेव्हा इकडे त्याच्या बराकीत एकाच्या तोंडावर साखर घातलेलं उकळतं पाणी पडलं. साखर कशाला, तर पाणी चिकटून राहावं म्हणून. तेव्हापासून रजेवर जाणारा शिपाई आदल्या दिवशी रोजच्यासारखाच फाटकाबाहेर पडायचा, कपाळावर तीच आठी घेऊन. ठोकळ्याला तर हा प्रश्नच कधी आला नव्हता. त्याने रजा घेतलीच नव्हती.

रजेचा हट्ट बायकोचा. ती घरीच शिवणकाम करायची, लोकांच्या विजारी आखूड करायच्या, बाह्या सोडवायच्या. तिच्या जबड्याचं हाड एका बाजूला जरा तिरकं जुळलं होतं आणि ती घास दुसऱ्या बाजूने चावायची. ते ठोकळ्याच्या हातून झालं होतं. जागेपणी त्याने तिच्यावर कधी बोट उगारलं नाही. पण झोपेत तो मारामारी करायचा, लाथा झाडायचा, कुणाकुणाचा गळा धरायचा, आणि एकदा ठोसा बसला तो तिला बसला. दवाखान्यात तो मान खाली घालून उभा होता आणि डॉक्टर त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होते, त्याच नजरेने तो आयुष्यभर कैद्यांकडे बघत आला होता. त्यानंतर ती वेगळ्या खोलीत निजायला लागली. आतून कडी लावून घेत जा, हे त्यानेच तिला सांगितलं.

तिच्या एका गिऱ्हाइकाचा नवरा लढाईवरून आला होता. त्यालाही असंच व्हायचं. तो दक्षिणेच्या गरम समुद्रातल्या बेटांवर जाऊन राहिला आणि लहान मुलासारखा झोपायला लागला, असं त्या बाईने कपड्याचं माप देता देता सांगितलं. झालं, हिच्या डोक्यात बेटं शिरली. प्रवास कंपनीच्या कचेरीतून तिने एक रंगीत पुस्तिका आणली. रात्रीची भांडी झाली की ती टेबलावर उघडायची आणि नवऱ्याला समोर बसवायची. तिला समुद्राची हौस नव्हती. तिला नवरा परत हवा होता, कडी न लावता शेजारी निजता येईल असा.

अडचण अशी की पुस्तिकेतली सगळी बेटं सारखीच दिसायची. तेच निळं पाणी, तीच वाकलेली नारळाची झाडं, तीच हसणारी माणसं. ठोकळ्याने समुद्र पाहिला नव्हता. मोडून जुळलेली बोटं त्या निळ्यावर टेकवून तो विचारायचा, बेटाला धक्का एकच असतो का, म्हणजे येणारा-जाणारा प्रत्येक जण तिथूनच जाणार का. असतो म्हटल्यावर त्याला ते बेट पसंत पडायचं. बायको हसायची आणि हसताना जबड्याला हात लावायची. तिचं हसणं त्याने बऱ्याच वर्षांनी ऐकलं आणि त्याला ते रोज ऐकावंसं वाटायला लागलं. तिथेच त्याचं नियमावरचं लक्ष उडालं.

धोबीखान्यात वाफेने माणूस माणसाला नीट दिसत नाही. कढत पाण्याचे हौद, त्यात कैद्यांचे कपडे, आणि ते ढवळायला पुरुषभर उंचीची लाकडी दांडकी. खलाशी एका हौदावर असायचा. ठोकळा त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. खलाशाला वाटलं, आता पडते काठी.

"तू त्या गरम बेटांकडे बोटीवर होतास ना?"

"होतो, साहेब."

"समज, एखाद्या गुडघेदुखीवाल्या बाईला तिकडे जायचं असेल. कुठलं बेट बरं?"

खलाशी हसला नाही, एवढं शहाणपण त्याला होतं. त्याने दांडकं हौदाच्या कडेला टेकवलं आणि सांगायला लागला. मोठ्या बेटावर जाऊ नये, तिथे नुसती दुकानं आहेत आणि चोर आहेत. शेवटचं लहान बेट चांगलं, तिथे वाळूतून हळूहळू पाण्यात उतरता येतं. ओहोटीला पायात काहीतरी घालूनच उतरावं, खालचा दगड पाय कापतो. वारा पडला की जावं, नाहीतर बोटीत आतडी बाहेर येतात. ठोकळ्याने ते सगळं घरी जाऊन बायकोला जसंच्या तसं सांगितलं. कुणी सांगितलं असं तिने विचारलं तेव्हा म्हणाला, कामावरचा एक जण आहे.

मग हे रोजचंच झालं. बायको रात्री प्रश्न काढायची आणि तो सकाळी हौदावर उत्तर आणायला जायचा. खलाशी दांडकं पाण्यात बुडवून ओल्या टोकाने फरशीवर बेटं काढायचा, इथे धक्का, इथे खोल पाणी, इथे सावली. गरम फरशीवर ती बेटं वाळून जायची आणि तो पुन्हा काढायचा. बोलताना त्याचा गळा दुखायचा, जखम अजून ओली होती, पण बोलणं थांबायचं नाही. तुरुंगात आल्यापासून त्याला कुणी त्याच्या माहितीतलं काही विचारलंच नव्हतं. त्या दिवसांत ठोकळ्याची काठीही जरा उशिरा पडायला लागली, असं कैदी म्हणायचे. आणि जे कैदी म्हणायचे ते लंगडा ऐकायचा.

तिकिटं हातात आली त्या दिवशी ठोकळा धोबीखान्यात जवळजवळ घाईने शिरला. वाफेतून त्याने खलाशाला गाठलं आणि म्हणाला, "ठरलं. सोमवारची बोट. शेवटचंच बेट घेतलंय."

शेजारच्या हौदातलं दांडकं थांबलं.

क्षणभरच. मग ते पुन्हा फिरायला लागलं, आधीपेक्षा जरा जोरात. त्या हौदावर लंगड्याच्या माणसांतला एक बुटका धोबी होता आणि त्याने मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. ठोकळ्याने खलाशाकडे बघितलं. खलाशाचा चेहरा भिजलेल्या कापडासारखा पांढरा पडला होता. दोघांनाही कळलं होतं.

ठोकळा त्याच दिवशी जेलरसाहेबांकडे गेला. खलाशाला एकट्याच्या कोठडीत हलवा म्हणाला. कोठड्यांचं छत गळतंय, दुरुस्ती चालू आहे, जागा नाही, असं उत्तर मिळालं. मग दुसऱ्या तुरुंगात पाठवा म्हणाला. तसे हुकूम वरून यावे लागतात. साहेबांनी चष्मा काढून विचारलं, तुम्ही नसलात तर तुरुंग बंद पडतो का, की रजा रद्द करायची आहे? ठोकळ्याने खिशावरून तिकिटं चाचपली, सलाम ठोकला आणि तो बाहेर पडला. बदलीवर येणाऱ्या शिपायाला त्याने लक्ष ठेवायला सांगितलं. त्याने मान हलवली, अशा वेळी माणसं हलवतात तशी.

रविवारी, जायच्या आदल्या दिवशी, तो हौदावर गेला. बेटांबद्दल विचारायला आता काही उरलं नव्हतं.

"साहेब, नका जाऊ," खलाशी म्हणाला.

ठोकळ्याने ऐकलं नाही असं दाखवलं.

"जा म्हणायला पाहिजे मी. कळतंय मला. बाई वाट बघतायत, तुम्ही कधी कुठे गेला नाहीत. पण मला मरायचं नाहीये, साहेब. तुमच्या पाया पडतो."

आणि तो खरोखरच वाकला. ठोकळ्याने त्याला उपड्या हाताने असा फटका दिला की तो हौदाच्या कडेवर आपटला आणि त्याच्या तोंडातून रक्ताबरोबर दात बाहेर आला. "तुझ्यासाठी मी काय जन्मभर इथेच मरू का?" ठोकळा म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. आजवर त्याने पुष्कळांना मारलं होतं आणि त्यांतल्या एकाचाही त्याला राग आलेला नव्हता. या माणसाचा आला. त्याने काही केलं नव्हतं, फक्त खरं ते मागितलं होतं, आणि ते द्यायचं तर बायकोचं हसणं द्यावं लागत होतं.

सोमवारी सकाळी धक्क्यावर गर्दी होती. बायकोने मोठ्या काठाची टोपी घातली होती आणि नवऱ्यासाठी स्वतः शिवलेला फुलाफुलांचा शर्ट त्याला चढवला होता. त्या शर्टात ठोकळा असा दिसत होता की दोन पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या. सामान चढलं. माणसं फळीवरून बोटीत जायला लागली. त्यांची वेळ आली आणि ठोकळा जागचा हलेना.

तुरुंगातलं काही त्याने घरी कधी सांगितलं नव्हतं. त्या फळीच्या तोंडाशी, मागचे लोक खोळंबलेले असताना, त्याने पहिल्यांदा सांगितलं. खलाशी कोण, त्याने कोर्टात काय सांगितलं, बेटं कुणी काढून दाखवली, दांडकं कसं थांबलं, आणि काल त्याचा दात कसा पडला. बायको त्याच्या तोंडाकडे बघत ऐकत होती.

"तुम्ही परत गेलात तर तो वाचेल?"

"माहीत नाही."

"आणि नाही गेलात तर?"

"मरेल."

तिने टोपी काढली, थोडा वेळ हातात धरली आणि परत घातली. मग म्हणाली, "जा. मी पुढे होते. उद्याच्या बोटीने या."

"एकटी जाशील?"

"मला काय वाघ खातोय? जा म्हटलं ना. मी थांबते तिथे." आणि दुखऱ्या गुडघ्यांनी, कुणाचा हात न धरता, ती फळी चढून गेली.

फाटकावरचा शिपाई त्याचा शर्ट बघून आधी हसला. तू रजेवर ना, असं त्याने विचारलंही. पण हात सवयीने किल्लीकडे गेला आणि लहान दार उघडलं. अंगावर वर्दी नव्हती, हातात काठी नव्हती. तुरुंगात आरडाओरडा चालू असला तर घाबरायचं कारण नसतं. त्या वेळी मात्र धोबीखान्याच्या बाजूने काहीच ऐकू येत नव्हतं. ठोकळा धावत सुटला.

आत बुटका धोबी आणि दुसरा एक जण खलाशाच्या तंगड्या धरून उभे होते. त्याचं डोकं आणि खांदे हौदात होते, पाय झाडणं कमी होत आलं होतं. लंगडा पालथ्या बादलीवर बसून शांतपणे बघत होता. बदलीच्या शिपायाला कुणीतरी कसल्यातरी बहाण्याने बाहेर नेलं होतं. ठोकळ्याने बुटक्याला मागून उचलून भिंतीवर फेकलं. त्याचं डोकं भिंतीवर फुटलं आणि तो खाली बसला. दुसऱ्याने दांडकं उचललं, ते ठोकळ्याच्या कानावर बसलं, तरी त्याने दोन्ही हात कोपरापर्यंत त्या कढत पाण्यात घातले आणि खलाशाला काखेत धरून बाहेर ओढलं. हातांची कातडी सुटून आली. खलाशाचा चेहरा ओळखू येत नव्हता, पण छाती हलत होती आणि एक डोळा उघडा होता.

तेवढ्यात लंगडा उठला. त्याच्या हातात घासून टोकदार केलेला चमचा होता आणि तो चमचा ठोकळ्याच्या बरगडीखाली शिरला, एकदा, मग पुन्हा. ठोकळ्याने दुसऱ्याच्या हातातलं दांडकं हिसकावलं आणि फिरवलं. तो माणूस पळाला. लंगडा पडला. पडल्यावर त्याने एक हात वर केला. तुरुंगात त्याचा अर्थ लहान पोरालाही कळेल, पुरे, हरलो. ठोकळ्याने तो हात बघितला. पण त्याला त्या क्षणी धक्का सोडून गेलेली बोट दिसत होती, आणि बायको एकटी, आणि तिच्या दाराची कडी, आणि या माणसाने हे सगळं बादलीवर बसून केलेलं. दांडकं पडत राहिलं. हात खाली गेला तरी पडत राहिलं. शिपाई धावत आले, त्यांनी त्याला ओढून काढलं तेव्हा फरशीवर जे होतं त्याला चेहरा नव्हता.

जेलरसाहेब दवाखान्यात येऊन त्याच्या खाटेजवळ बसले. तुम्ही ड्युटीवर असता तर दंगल आवरताना बळ वापरलं असं मी लिहिलं असतं आणि विषय संपला असता, असं ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. पण ठोकळा रजेवर होता. म्हणजे त्या वेळी तो एक बाहेरचा माणूस होता, फुलाफुलांचा शर्ट घालून तुरुंगात घुसलेला आणि पडलेल्या माणसाला ठार मारणारा. ज्या कामावर त्याने आयुष्य काढलं ते काम त्या दिवशी खून ठरलं.

शिपाई नंतर पोचले होते, त्यामुळे वर केलेला हात पाहिलेला साक्षीदार एकच, खलाशी. त्याचा एक डोळा गेला होता आणि कातडी मानेपर्यंत आवळली होती. त्याने एक शब्द फिरवला असता तर ठोकळा सुटला असता. सरकारी वकिलाने विचारलं, लंगडा पडला होता का? पडला होता. हात वर केला होता का? केला होता. त्यानंतर आरोपीने मारलं का?

खलाशी आपल्या उरलेल्या डोळ्याने ठोकळ्याकडे बघत राहिला. न्यायाधीशांनी प्रश्न पुन्हा विचारायला लावला.

"मारलं," तो म्हणाला. "थांबले नाहीत ते."

आणि तो साक्षीच्या पिंजऱ्यातच रडायला लागला.

ठोकळ्याला दुसऱ्या गावच्या तुरुंगात पाठवलं. तिथे आपण कोण हे त्याने कुणाला सांगितलं नाही, पण पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना कळलं, आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या दोन बरगड्या मोडल्या. बायको भेटायला आली तेव्हा तो जाळीपलीकडे जरा वाकडा बसला होता. ती बराच वेळ खलाशावरच बोलली. दात ओठ खाऊन बोलली. तुम्ही त्याला पाण्यातून काढलंत, हात जाळून घेतलेत, आणि त्या मेल्याने काय केलं, असं म्हणाली.

"त्याने खरं सांगितलं," ठोकळा म्हणाला. "आधीही सांगितलं म्हणूनच सगळे त्याच्या मागे लागले ना. आता खोटं बोलला असता तर मी वाचवलं कुणाला?"

तिला ते पटलं नाही आणि तिने तसं सांगितलं. बेटांचा विषय तिने काढलाच नव्हता. निरोप तिला फार उशिरा मिळाला, सगळी रजा तिने तिथे एकटीने काढली, एवढं त्याला ठाऊक होतं. तिच्या नाकावरचा उन्हाचा काळा डाग अजून गेला नव्हता.

"समुद्र कसा होता?" त्याने विचारलं.

ती विचार करायला लागली. आठवून सांगावं म्हणून तिने खरंच प्रयत्न केला.

"मी धक्क्यावरच बसायचे," ती म्हणाली. "बोट आली की उतरणारी माणसं बघायचे. संध्याकाळची शेवटची येऊन गेली की खोलीवर."

"पाण्यात नाही गेलीस?"

"तुम्ही येणार होतात ना."

पहाऱ्यावरच्या शिपायाने जाळीवर काठी आपटली. ठोकळा त्याआधीच उठला होता, वेळ किती असते हे त्याला कुणी सांगायला नको होतं. हात मागे बांधून तो वाकड्या चालीने आतल्या दाराकडे गेला आणि दिसेनासा झाला. बायको जागची उठली नाही. त्या दारातून भेटीसाठी पुढचे कैदी एकेक करून बाहेर यायला लागले होते, आणि ती प्रत्येकाचा चेहरा बघत होती.